पुलाचा विल्सन, कॉलेजचा विल्सन

जूनमध्ये भाचीला मुंबईच्या विल्सन कॉलेजला ॲडमिशन मिळाली. त्या आनंदात तिला गाडीवर मागं बसवून आपल्या कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत बॅग घ्यायला निघालो होतो. विल्सन पुलावर नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलेलं, खाली जयंती नाला, पुढं एक भाजीचा टेम्पो रिव्हर्स घेतोय, हॉर्नवर हॉर्न, आणि तेवढ्या गोंधळात मागून ही विचारती, "मामा, आपल्या पुलाचा विल्सन आणि माझ्या कॉलेजचा विल्सन एकच काय रे?"

मी म्हटलं, "एकच की. मुंबईचा गव्हर्नर होता."

बॅग घेतली, सोळंकीचं आईस्क्रीम खाल्लं, तिला घरी सोडलं. रात्री जेवण झाल्यावर मात्र डोक्यात ते घोळत राहिलं, म्हणून मोबाईलवर बघितलं तर मी साफ चुकीचं सांगितलं होतं. गव्हर्नर वेगळा, कॉलेजवाला वेगळा, दोघांच्या जन्मात सत्तर वर्षांचं अंतर. आता ही पोरगी हॉस्टेलवर जाऊन चार मैत्रिणींना माझंच उत्तर सांगणार, मामा म्हणाला म्हणून. मग मी नीट बसून वाचायला घेतलं, एक रात्र, दुसरी रात्र, आणि एका विल्सनमागं दुसरा विल्सन असा जो निघत गेला की आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. आज सगळं लिहून काढतोय. पहिल्यांदा तिच्यासाठी, आणि मग आपल्या गावातल्या त्या सगळ्यांसाठी जे रोज त्या पुलावरून जातात.

आधी कॉलेजचा. जॉन विल्सन. स्कॉटलंडमधल्या लॉडर नावाच्या छोट्या गावात १८०४ साली जन्म. मिशनरी म्हणून १८२९ मध्ये बायकोबरोबर मुंबईत उतरला आणि पहिलं काम काय केलं तर मराठी शिकायला कोकणात गेला, हर्णै आणि बाणकोटला. म्हणजे बघा, आपण दापोलीला मासे खायला जातो त्या किनाऱ्यावर बसून या माणसानं मराठी शिकली. १८३२ मध्ये मुंबईत शाळा काढली, तीच वाढत वाढत पुढं विल्सन कॉलेज झाली. चौपाटीसमोरची ती दगडी इमारत त्याच्या नंतरची, १८८९ ची, तो १८७५ मध्येच मुंबईत वारला. धर्मप्रसार करायला आलेला माणूस, त्यामुळं वाद तर झालेच. हिंदू धर्माच्या बाजूनं मोरभट दांडेकरांनी त्याच्याशी जाहीर वाद घातला, १८३९ मध्ये दोन पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म घेतल्यावर मुंबईत केवढं रण पेटलं. ते सगळं खरं आहे आणि ते बाजूला ठेवून त्याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. पण गिरनारच्या खडकावरचा अशोकाचा शिलालेख आहे ना, त्याची नक्कल मिळवून कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाकडं पाठवणारा हाच, आणि प्रिन्सेपनं ती लिपी उलगडली तेव्हा ही नक्कल त्याच्या समोर होती. पुढं मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला.

पण मला जास्त ओढून घेतलं ते त्याच्या बायकोनं. मार्गारेट विल्सन. तीसुद्धा मराठी शिकली आणि आल्याबरोबर मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या, जेव्हा मुलींना शाळेत पाठवायचं म्हणजे काय हे लोकांना कळतसुद्धा नव्हतं. १८३५ मध्ये ती गेली, अवघी सहा वर्षं मिळाली इथं. कॉलेजच्या नावात जो विल्सन आहे त्यात मी तिलाही धरतो, आणि भाचीला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण आमच्या घरातली मुंबईला शिकायला जाणारी ती पहिली पोरगी आहे.

आता गव्हर्नर. सर लेस्ली विल्सन, जन्म १८७६, नौदलाच्या सैन्यातला अधिकारी, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेला, नंतर खासदार, आणि १९२३ च्या डिसेंबरपासून १९२८ पर्यंत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. हा आपल्या गावाच्या आठवणीत आहे तो पुतळ्यामुळं. आज ज्याला आपण शिवाजी चौक म्हणतो, जिथं मॅच जिंकली की अख्खं कोल्हापूर गोळा होतं, तिथं या विल्सनचा पुतळा होता. आजोबा सांगायचे, लहानपणी त्या पुतळ्यासमोरून जाताना मान वर करून बघायला लागायचं. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी जाऊन तो पुतळा विद्रूप केला. पोलीस, संस्थान, इंग्रज, सगळे असताना. पुढं १९४५ मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, त्यामागं भालजी पेंढारकर होते. आपण चौकात उभं राहून फोटो काढतो, गुलाल उधळतो, पण त्या दोघींची नावं माझ्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहेत? मलाही शाळेत कुणी सांगितली नाहीत, आजोबांनी सांगितली. भागीरथीबाई तांबट, जयाबाई हविरे. परत एकदा लिहितो, पाठ करा.

पुतळा गेला पण त्या माणसाच्या खुणा महाराष्ट्रात बऱ्याच आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली, तिला झेंडा दाखवणारा हाच. भंडारदऱ्याचं धरण, ज्याच्या छत्री धबधब्याचे फोटो दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतात, त्याचं काम १९१० ला सुरू होऊन १९२६ ला संपलं आणि उद्घाटन याच्याच हातून झालं, म्हणून ते विल्सन डॅम. तिथला जलाशय मात्र आर्थर हिल नावाच्या इंजिनिअरच्या नावानं. आणि १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह झाला तेव्हा गव्हर्नर हाच होता. सारा वाढवला, शेतकऱ्यांनी भरायचा नाही म्हणून ठरवलं, वल्लभभाई पटेल उभे राहिले, जप्त्या झाल्या, म्हशीसुद्धा जप्त केल्या, आणि शेवटी सरकारलाच चौकशी नेमून सारा कमी करायला लागला. इथून गेल्यावर तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा गव्हर्नर झाला, १९३२ ते १९४६. म्हणजे आपल्या चौकात त्याच्या पुतळ्याची अवस्था होत होती तेव्हा तो तिकडं समुद्रापार दुसऱ्या राज्याचा कारभार बघत बसला होता.

तर हे दोन झाले. मग प्रश्न पडला, या दोघांचं एकमेकांशी नातं काय? काहीच नाही. आणि हे कळायला मला आपल्या खेड्यातलीच गोष्ट उपयोगी पडली. आमच्या गावी, करवीर तालुक्यात, पारावर बसलेलं म्हातारं माणूस अनोळखी पोराला नाव विचारत नाही, ते विचारतं, "कुणाचं रं तू?" आणि पोरगं म्हणतं, "रामाचा." झालं, ओळख पटली. विल्सन म्हणजे नेमकं हेच. विलचा सन. विल्याचा पोरगा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या राजाचं नाव विल्यम, मग ते नाव इतकं पसरलं की गल्लोगल्ली विल झाले, आणि प्रत्येक विलचा पोरगा विल्सन. आपल्याकडं बापाचं नाव मधे येतं आणि दर पिढीला बदलतं, तिकडं ते एका पिढीला आडनाव म्हणून चिकटलं आणि तसंच राहिलं. विल्यम्स, विल्यमसन, विल्किन्सन ही सगळी त्याच झाडाची फळं. स्कॉटलंडमध्ये तर आजही स्मिथ, ब्राऊन आणि विल्सन ही सगळ्यात जास्त आढळणारी तीन आडनावं आहेत. आपल्याकडं पाटील जसे. शिरोळचा पाटील आणि गारगोटीचा पाटील भेटले तर पाव्हणं निघतीलच असं काही नाही, गावोगावी पाटीलकी होती म्हणून गावोगावी पाटील. तसंच, गावोगावी विल होता म्हणून गावोगावी विल्सन.

हे एकदा डोक्यात बसल्यावर मी जिथं तिथं विल्सन शोधायला लागलो.

मी टॅक्सची कामं करतो, शाहूपुरीत छोटं ऑफिस आहे, त्यामुळं तिसरा विल्सन मला अगदी जवळचा निघाला. जेम्स विल्सन. हाही स्कॉटलंडचा, १८०५ चा जन्म, हॉइक गावचा, म्हणजे कॉलेजवाल्या जॉन विल्सनच्या लॉडरपासून फार लांब नाही आणि वयात वर्षाचंच अंतर, तरी दोघांचा काही संबंध नाही. टोप्या बनवायच्या धंद्यातून वर आला, धंद्यात एकदा चांगलाच बुडाला आणि परत उभा राहिला, १८४३ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढलं, १८५३ मध्ये चार्टर्ड बँक. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांची तिजोरी कर्जानं वाकली होती, ती सावरायला त्याला इकडं पाठवलं. त्यानं १८६० मध्ये हिंदुस्थानचं पहिलं बजेट मांडलं आणि त्यात इन्कम टॅक्स आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्न असेल तर शेकडा २, त्याच्या वर शेकडा ४. दरवर्षी २४ जुलैला आयकर खातं आयकर दिवस साजरा करतं तो त्याच वर्षाच्या २४ जुलैवरून. मी वीस वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय, दर जुलैत ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते, लोक फॉर्म सोळा हातात घेऊन जिन्यात उभे असतात, आणि हे सगळं सुरू करणारा माणूस कोण हे मला पंधरवड्यापूर्वी कळलं. टॅक्स लागू झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, कलकत्त्यात हगवण लागून तो गेला. इथं येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मल्लिक बाजारच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. कधी कोलकात्याला गेलो तर मी तिथं जाणार आहे, हे नक्की.

अजून एक होरेस विल्सन. डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आला, टांकसाळीत काम केलं, आणि संस्कृतच्या इतका प्रेमात पडला की १८१३ मध्ये मेघदूताचं इंग्रजी भाषांतर केलं, १८१९ मध्ये संस्कृत-इंग्रजी शब्दकोश काढला आणि शेवटी ऑक्सफर्डला संस्कृतचा पहिला बोडन प्राध्यापक (बोडन हे त्या पदाचं नाव) झाला. तेही १८३२ मध्ये, म्हणजे इकडं मुंबईत जॉन विल्सन शाळा काढत होता त्याच वर्षी. आणि उत्तराखंडात हर्सिलचा फ्रेडरिक विल्सन, 'पहाडी विल्सन'. त्यानं गढवालातली देवदाराची झाडं तोडून गंगेतून खाली सोडली रेल्वेच्या स्लीपरांसाठी, अमाप पैसा केला, आणि त्या खोऱ्यात सफरचंद लावलं. तिथं आजही सफरचंदाची एक जात विल्सन नावानं विकतात म्हणे. सफरचंद गोड असलं तरी त्या जंगलांचं काय झालं याचा विचार केला की मला ते गोड लागणार नाही.

पण एका विल्सनजवळ मला थांबायचं आहे, कारण तो आमच्या घरात येऊन गेलाय.

माझा मावसभाऊ सतरा वर्षांचा असताना त्याचं अक्षर बिघडायला लागलं. आधी सगळी म्हणाली मोबाईलमुळं. मग हात कापायला लागला, चहाचा कप बशीवर किणकिण वाजायचा, मावशी म्हणायची मुद्दाम करतोय. मग बोलणं जड झालं, शाळेत पहिल्या पाचात येणारं पोरगं वर्गात गप्प राहायला लागलं. देवऋषी झाला, अंगारा झाला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. वर्ष गेलं त्यात. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनमधून बघितलं आणि मावशीलाही बघायला लावलं. बुबुळाच्या कडेनं गोल तपकिरी-सोनेरी कडं. तांबं. अंगातलं तांबं बाहेर टाकायची व्यवस्थाच त्याच्या शरीरात जन्मापासून बिघडलेली, म्हणून ते आधी लिव्हरमध्ये आणि मग मेंदूत साचत गेलेलं. आजाराचं नाव सांगितलं, विल्सन्स डिसीज. मावशीनं मला फोन केला तेव्हा ती रडत रडत एवढंच म्हणाली, "काहीतरी विल्सन हाय म्हणं रं."

सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन. अमेरिकेत जन्मलेला, स्कॉटलंडात वाढलेला मेंदूचा डॉक्टर. १९१२ मध्ये त्यानं या आजाराचं पहिल्यांदा नीट वर्णन लिहिलं. तेव्हा त्याच्याकडं औषध नव्हतं, पेनिसिलामाइन हे पहिलं चांगलं औषध १९५६ मध्ये आलं. पण त्यानं नाव ठेवलं, लक्षणं मांडली, म्हणून शंभर वर्षांनी आमच्या पोराचा आजार ओळखता आला. भाऊ आता गोळ्यांवर आहे, आयुष्यभर घ्यायच्या आहेत, हात बराच स्थिर झालाय, दुकान बघतो. काजू, चॉकलेट, मशरूम, कलेजी बंद. आणि मावशीच्या घरातला तांब्याचा हंडा, जो तिच्या लग्नात आला होता आणि ज्यातलं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून ती सगळ्यांना सकाळी उठवून प्यायला लावायची, तो तिनं स्वतः चिंच-मिठानं घासून लखलखीत केला आणि मग मोडीत घालायला दिला. मी गेलो होतो त्या दिवशी. कट्ट्यावर हंड्याच्या जागी गोल काळा डाग राहिला होता तेवढा.

हे इथं लिहितोय ते एका कारणासाठी. तरुण पोराचा हात कापायला लागला, अक्षर बिघडलं, स्वभाव बदलला, कावीळ परत परत व्हायला लागली, तर अंगाऱ्यात वर्ष घालवू नका. आईबाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच हा आजार होतो, त्यामुळं सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. एकाला निघाला की बाकीच्यांची तपासणी करून घ्या, लवकर कळलं तर औषधानं माणूस चांगला राहतो.

बाकीचे आता भराभर सांगतो. सी. टी. आर. विल्सन, १८९४ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावरच्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला आणि तिथं ढगावर पडलेल्या सावलीभोवती रंगीत गोल कडं बघून वेडा झाला. हे वाचून मी टुणकन उठलो, कारण हे तर आपलं इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात दिसतं ते. खाली उतरल्यावर त्यानं बाटलीत ढग बनवायचा नाद घेतला, त्यातून क्लाउड चेंबर तयार झालं, अणूच्या आतल्या कणांचा मार्ग डोळ्याला दिसायला लागला आणि १९२७ चं नोबेल मिळालं.

आणि हे आडनाव आपल्याकडं येऊन नाव झालं ते मला सगळ्यात आवडतं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते, १९६४ मध्ये न्यूझीलंडला परत एकदा. कुठल्याही खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणून त्यांचंच नाव घेतात. आडनाव जोन्स, म्हणजे जॉनचा. विल्याचा आणि जॉनचा, एकाच नावात दोन बाप. बेजवाडा विल्सन, कोलार गोल्ड फिल्ड्समधल्या सफाई कामगारांच्या घरात जन्मलेले, डोक्यावरून मैला वाहायची प्रथा बंद करण्यासाठी आयुष्य दिलं, २०१६ चा मॅगसेसे मिळाला. सगळ्या विल्सनांत मला एकाच्या पाया पडायचं असेल तर ते हे.

आमच्या वर्गातही एक विल्सन होता. आडनाव अस्सल मराठा. अमेरिकन मिशन इथं १८५२ पासून, तेव्हापासून गावात ख्रिस्ती घरं आहेत, वाइल्डर मेमोरियल चर्च आहे, आणि त्या घरांत विल्सन, सॅम्युअल, डेव्हिड अशी नावं ठेवतात. आम्ही त्याला विल्श्या म्हणायचो. शाहू स्टेडियमवर लेफ्ट विंगनं बॉल घेऊन सुटला की अख्खी गॅलरी "विल्श्याऽऽ मार!" म्हणून ओरडायची. त्याला मी परवा फोन करून विचारलं, तुझं नाव कुणावरून रे? म्हणाला, "आजोबांवरनं." आणि आजोबांचं? "त्यांच्या मास्तरांवरनं."

भाची गेली महालक्ष्मीनं. जायच्या आधी स्टेशनवर मी तिला सांगितलं, पुलावर तुला चुकीचं बोललो होतो, आणि मग दोन्ही विल्सन, मार्गारेट, तांबट आणि हविरे, सगळं गाडी सुटेपर्यंत सांगितलं. ऐकलं तिनं. किती डोक्यात राहिलं काय माहीत, असं वाटलं होतं.

गेल्या रविवारी दुपारी फोन आला. मागं पाण्याचा आवाज, वारा, पोरींचा कालवा.

"मामा, मी भंडारदऱ्याला आलोय मैत्रिणींबरोबर. धरणावर उभारलोय. इथं विल्सन डॅम म्हणत्यात. हा आपला की कॉलेजचा?"

"आपला," मी म्हटलं. "पुतळ्याचा."

"बघ म्हटलं मी!" असं म्हणून ती फोन चालूच ठेवून मागं वळली आणि मैत्रिणींना सांगायला लागली, "अगं, ह्याचा पुतळा आमच्या चौकात होता, आणि दोन बायका होत्या, भागीरथीबाई आणि..." इथं ती थांबली, आणि फोन तोंडाशी आणून म्हणाली, "मामा, दुसरीचं नाव सांग लवकर."